‘नो फेम, ओन्ली मॅनली’: आवड कुठे संपते आणि स्वतःवरची पाळत कुठे सुरू होते?

काठावरचा

समलिंगी पुरुषांच्या एका आधारगटासाठी बैठकांची आखणी करतो आहे. विषय आहे पुरुषीपणाबद्दलच्या आपल्या कल्पना आणि स्वतःला स्वीकारणं. घरी कसं सांगावं, लैंगिक आरोग्य कसं सांभाळावं यावर लिहिलेलं भरपूर सापडतं. गटाची गाडी अडते ती दुसरीकडेच, आणि तिथे ‘स्वतःवर प्रेम करा’ यापलीकडे हाताशी फारसं काही नसतं.

एक म्हणजे डेटिंग ॲपवरच्या प्रोफाइल. ‘नो फेम’ (म्हणजे बायकी वाटणारे नकोत), ‘बायकी मुलांनी मेसेज करू नये’, ‘स्ट्रेट-ॲक्टिंग हवा’ (म्हणजे गे आहे हे वागण्यावरून न कळणारा). विषय निघाला की अर्धे म्हणतात, ही माझी आवड आहे, तिच्यावर प्रश्न कसले विचारता? उरलेले म्हणतात, हा आमचा अपमान आहे. चर्चा तिथेच थांबते.

दुसरं, स्वतःवरची पाळत. हात कसा हलला, आवाज चढला का, पाय कसे ठेवले, ‘अय्या’ तर निघालं नाही ना. आपण गे आहोत हे स्वतःशी मान्य करून बरीच वर्षं झालेल्यांमध्येही ही पाळत दिसते. ती सैल करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तिसरं, जिम. व्यायाम चांगलाच, पण तो कधी दुखण्याच्या बाजूला झुकतो?

तत्त्वचर्चेचं वावडं नाही. पण बैठकीत करायला देता येईल असं हवं आहे: कृती, लागणारा वेळ, कुठे बिघडतं आणि का.

---

अनवट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

इलन मायर यांनी 1995 मध्ये समलिंगी पुरुषांच्या संदर्भात आणि 2003 मध्ये अधिक व्यापकपणे अल्पसंख्याक असण्याच्या ताणाची मांडणी केली. तिचा गाभा असा: ताण फक्त बाहेरच्या घटनांमधून येत नाही. शिवी, मारहाण, नोकरीतला भेदभाव हा एक थर. त्याखाली ‘आता कुणीतरी काहीतरी बोलेल’ ही कायमची अपेक्षा, मग लपवाछपवी, आणि सगळ्यात खाली समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच तोंडून स्वतःला ऐकवणं. पाळत या मधल्या दोन थरांमध्ये राहते. म्हणूनच ‘मी गे आहे’ हे मान्य केलं तरी ती आपोआप जात नाही. मान्य झालेली असते ती ओळख. हातवारे, आवाज, चाल हे सगळं अजून आरोपीच्या पिंजऱ्यात असतं.

ती का टिकते हेही गटाला सांगा. पाळत ठेवली आणि कुणी काही बोललं नाही, की मेंदू निष्कर्ष काढतो: पाळत ठेवली म्हणून वाचलो. पाळत नसती तरी कुणी काही बोललं नसतं, हे तपासायची संधीच मिळत नाही. शिवाय लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. संभाषणातलं निम्मं लक्ष स्वतःच्या मनगटावर असेल तर समोरचा काय बोलतो ते निसटतं, उत्तरं तुटक येतात, आणि मग ‘लोकांना मी आवडत नाही’ याला पुरावा मिळतो.

आता कृती. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. वहीत तीन रकाने: कुठे होतो, काय आवरलं, काय होईल अशी भीती वाटली. दिवसाला तीन-चार नोंदी पुरेत. जास्त करायला सांगू नका, नाहीतर नोंद हीच नवी पाळत होते. ही चूक फार सर्रास होते.

आठवड्याअखेर नोंदींची दोन भागांत वाटणी. जिथे खरा धोका आहे (हिंसक घर, घर किंवा नोकरी जाण्याची शक्यता, रात्रीची अनोळखी जागा) तिथली सावधगिरी शहाणपणाची आहे. ती सोडायला कुणालाही सांगू नये आणि तिला भित्रेपणा म्हणू नये. दुसऱ्या भागात जिथे धोका नाही आणि फक्त सवय उरली आहे अशा जागा: गे मित्रांचा घोळका, सगळं माहीत असलेली बहीण, एकट्याची खोली. बऱ्याच जणांची पाळत बंद दाराआडही चालू असते, आणि हे कागदावर दिसलं की माणूस स्वतःच थबकतो.

काम फक्त दुसऱ्या भागावर करायचं. आठ-दहा गोष्टींची यादी, प्रत्येकीपुढे भीतीचा अंदाज 0 ते 100. उदाहरणादाखल: बोलताना हात मोकळे सोडणं (25), मित्राला व्हॉइस मेसेज पाठवणं आणि तो पुन्हा न ऐकणं (35), पायावर पाय टाकून बसणं (40), आवडत्या नायिकेबद्दल उत्साह न दाबता बोलणं (45), आपण ‘बायकी’ दिसतो असं वाटणारा फोटो न काढून टाकणं (60), ज्याला लोक बायकी म्हणतात अशा मित्रासोबत उजेडात, चारचौघांत तासभर बसणं (80). हा शेवटचा आकडा बहुतेकांचा सगळ्यात मोठा निघतो. त्यावर गटात सावकाश बोला. स्वतःबद्दलची लाज आणि दुसऱ्याबद्दलचा तिटकारा एकाच मुळाचे आहेत हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही व्याख्यानात दिसत नाही.

सुरुवात 30-40 च्या गोष्टीने. तीच कृती आठवड्यात चार-पाच वेळा, आणि दर वेळी भीती उतरू लागेपर्यंत तिथेच थांबायचं. आकडा निम्म्यावर आला की पुढची पायरी.

कुठे बिघडतं? थेट 80 ला हात घातला, धक्का बसला, माणूस गटातूनच गायब. किंवा कृती केली पण डोळे लोकांच्या चेहऱ्यांवर: कोण बघतंय, कोण हसतंय. मग पाळत फक्त हातावरून उठून इतरांच्या डोळ्यांवर जाऊन बसली. अशा वेळी लक्ष मुद्दाम कामावर न्यायचं: समोरचा काय सांगतो आहे, पुढचा प्रश्न काय विचारू. आणखी एक बिघाड म्हणजे ‘आता मी मुद्दाम नाजूकपणे वागून दाखवतो’. नाजूक दिसणं हे ध्येय नाही. काही जणांची पाळत सुटल्यावर ते आधीइतकेच धिप्पाड आणि अबोल निघतात, आणि तेही खरंच आहे.

यामागची पद्धत हवेतली नाही. जॉन पाचँकिस आणि सहकाऱ्यांनी गे आणि उभयलैंगिक तरुणांसाठी 10 सत्रांची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी) तयार केली. 2015 मध्ये 63 जणांवरच्या चाचणीत, प्रतीक्षायादीत असलेल्यांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आणि दारूमुळे होणारे त्रास कमी झाले. चाचणी लहान होती, आणि तिथे प्रशिक्षित थेरपिस्ट होते. आधारगट म्हणजे थेरपी नव्हे. पण नोंद, वाटणी आणि पायऱ्या एवढं गटाला पेलतं.

---

सांजपावली

अनवट यांच्या प्रतिसादाशी सहमत. प्रोफाइलबद्दल लिहिते.

‘आवड की तिरस्कार’ असा दोनच खान्यांचा प्रश्न विचारलात तर प्रत्येक जण आवडीच्या खान्यात उभा राहील. कुणाचं आकर्षण कसं असावं हे गटाने ठरवू नये. नको असलेल्या माणसाशी जवळीक करणं हे कुणाचंही कर्तव्य नाही, आणि हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. त्याशिवाय कुणी मन उघडणार नाही.

मग प्रश्न आकर्षणाच्या बाहेर न्या. अशी व्यक्ती मित्र म्हणून चालेल का? शेजारी बसलेली चालेल का? तुमची ओळख तिने चारचौघांत ‘माझा दोस्त’ म्हणून करून दिली तर? ‘हो, बेडमध्ये आवडत नाही एवढंच’ असं उत्तर आलं तर ती आवड. ‘बेडमध्ये नाही, शेजारीही नाही, आणि असल्या लोकांमुळे आपलं नाव खराब होतं’ असं आलं तर विषय आवडीचा राहिला नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात नेमका: तुम्हालाच कुणी बायकी म्हटलं तर काय होतं? कुणी खांदे उडवून पुढे जातो, कुणाचा दिवस नासतो. ज्याचा दिवस नासतो, त्याच्या ‘नो फेम’मध्ये भीतीचा वाटा असण्याची शक्यता जास्त.

फ्रान्सिस्को सांचेझ आणि एरिक व्हिलां यांच्या 2012 च्या अभ्यासात हेच दिसलं होतं: पुरुषी दिसण्याची ज्यांना जास्त चिंता आणि बायकीपणाबद्दल ज्यांचा जास्त नकारात्मक दृष्टिकोन, त्यांच्यात स्वतःच्या गे असण्याबद्दलची नकारात्मक भावनाही जास्त. कोण कशाचं कारण हे अशा अभ्यासातून सांगता येत नाही. म्हणून गटात ‘तू नो फेम लिहितोस म्हणजे तू स्वतःचा द्वेष करतोस’ असं निदान कुणी कुणावर करू नये. ते चूक तर आहेच, शिवाय त्याने माणूस आणखी घट्ट मिटतो.

बैठकीतली कृती: प्रत्येकाने आपली प्रोफाइल कागदावर उतरवायची (नाव, फोटो नको) आणि ‘नको’ असलेली सगळी वाक्यं खोडायची. नंतर 20 मिनिटांत फक्त ‘हवं’ लिहायचं. ‘बायकी नको’ ऐवजी काय? ‘दाढी आवडते, कमी बोलणारी माणसं आवडतात, ट्रेकला सोबत हवी’. अनेकांना इथे कळतं की ‘मॅनली’ या एका शब्दाखाली त्यांनी दाढी, शांत स्वभाव, आत्मविश्वास, गुप्तता आणि लग्न झालेला पुरुष अशा पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. गुप्तता हवी असेल तर तसं सरळ लिहावं. ती गरज खरी आहे आणि तिच्यासाठी कुणाला हिणवावं लागत नाही.

वाचणाऱ्याच्या बाजूनेही एक सूचना. अशा ओळी रोज पन्नास वेळा डोळ्यांखालून जाणं निरुपद्रवी नाही. अशी प्रोफाइल दिसली की वाद न घालता ब्लॉक करा आणि ॲपची वेळ ठरवून घ्या. रात्री झोपण्याआधी, एकटं वाटत असताना ॲप उघडणं ही सगळ्यात वाईट वेळ, कारण तेव्हा नकार जास्त लागतो.

थोडा इतिहासही सांगावा, कारण ‘मॅनली’ आणि ‘बायकी’ यांच्यातली ही दरी आपल्या पिढीने शोधून काढलेली नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्यामागे एव्हलिन हूकर यांच्या 1957 च्या अभ्यासासारखं काम होतं: मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल, नावं झाकून, तज्ज्ञांसमोर ठेवले तेव्हा त्यांना गे पुरुष आणि इतर पुरुष वेगळे ओळखता आले नाहीत. हा मोठा विजय होता. पण 1980 मध्ये आलेल्या त्याच यादीच्या तिसऱ्या आवृत्तीत लहान मुलांच्या लिंगओळखीचं एक नवं निदान आलं, आणि ‘बायकी’ समजल्या गेलेल्या कित्येक मुलग्यांना त्याखाली तपासणीला नेलं गेलं. म्हणजे ‘आम्हीही इतर पुरुषांसारखेच’ म्हणत एक दार उघडलं, आणि जो मुलगा इतरांसारखा नव्हता तो दाराबाहेर राहिला. ‘नो फेम’ लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो त्याच दाराला कडी लावत असतो.

---

मध्यम_सप्तक

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हा माझ्या कामाचा विषय आहे.

प्रौढ पुरुषांच्या बोलण्याची मूळ पट्टी साधारण 85 ते 155 हर्ट्झ असते, स्त्रियांची साधारण 165 ते 255. मोठा पल्ला आहे, आणि तो मुख्यतः स्वरपट्ट्यांच्या लांबी-जाडीवर ठरतो. ‘गे आवाज’ म्हणून लोक जे ओळखतात (आणि ओळखण्यात पुष्कळदा चुकतात) ते बहुधा पट्टीमुळे नसतं. स, श यांचा उच्चार किती तीक्ष्ण, स्वर किती लांब, वाक्यातला चढउतार किती, यावरून ऐकणारा अंदाज बांधतो. त्यामुळे आवाज जड करणारा माणूस चुकीच्या ठिकाणी राबत असतो, आणि वर घसा बिघडवून घेतो.

बिघाड कसा होतो ते पाहा. पट्टी जबरदस्तीने खाली आणायला स्वरयंत्र दाबून धरलं जातं, गळ्याचे बाहेरचे स्नायू ताठ होतात, श्वास अपुरा पडतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज करकरतो. लक्षणं: संध्याकाळपर्यंत घसा थकणं, सारखं खाकरणं, जबड्यात आणि मानेत दुखणं, गर्दीत आवाज न पोहोचणं. खाकरण्याने स्वरपट्ट्या आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावं किंवा कोरडा आवंढा गिळावा.

आपली सोयीची पट्टी शोधण्याचा सोपा मार्ग: कुणी काही सांगतंय आणि आपण सहज ‘हं… हं’ करतो, तोंड मिटून, तो सूर. त्याची थरथर ओठांजवळ आणि नाकाच्या दांड्यावर जाणवली पाहिजे. तो ‘हं’ धरूनच पुढे शब्द जोडायचा: ‘हं… माझं’, ‘हं… मला वाटतं’. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं.

दुसरा व्यायाम नळीचा. ग्लासात पाणी, साधी स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवलेली, तिच्यातून ‘ऊ’ म्हणत सतत बुडबुडे काढायचे. आधी एकाच सुरात, मग हळूहळू वर-खाली. दोन-तीन मिनिटं पुरे. गाल फुगले किंवा गळा आवळला तर नळी जास्त खोल आहे, थोडी वर घ्या. स्वरपट्ट्यांवरचा ताण कमी होतो तो नळीतल्या उलट दाबामुळे.

रेकॉर्ड करून ऐकण्याबद्दल: स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाला पातळ आणि परका वाटतो, कारण एरवी तो हाडांमधूनही ऐकू येतो आणि त्यात खालचे सूर भरून येतात. गे असण्याशी त्याचा संबंध नाही. गटात हे एक वाक्य सांगितलंत तरी बऱ्याच जणांची एक जुनी भीती निवते.

घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावं. आणि कुणाला खरोखरच आवाज बदलायचा असेल, तर तो त्याचा हक्क आहे. तो वाणीउपचारतज्ज्ञाकडे जाऊन बदलावा, गळा आवळून नव्हे.

---

रानवारा७

एक मुद्दा सुटू नये. जो पुरुष मुळातच पुरुषी वागतो त्याला ‘तू नाटक करतोस, आत दडपलेलं आहे’ असं म्हणणं हीसुद्धा पाळतच झाली, दुसऱ्या बाजूने. बैठकांमध्ये हे होतं, आणि अशी माणसं गुपचूप येणं बंद करतात.

टॉप-बॉटमचंही (संभोगात प्रवेश करणारा आणि करून घेणारा) तसंच. कोण काय करतो यावरून कोण किती पुरुष हे ठरत नाही. पण बॉटम असणं लपवायचं म्हणून ‘ओन्ली टॉप’ लिहिणारे आहेत, आणि त्याचा तोटा आरोग्यालाही होतो: लाजेपोटी डॉक्टरला खरं सांगितलं जात नाही, आणि मग गुदद्वाराची लैंगिक संसर्गांसाठीची तपासणी राहून जाते. फक्त लघवीच्या तपासणीत तिथला गनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडत नाही, त्या जागेचा वेगळा स्वॅब लागतो. हे गटात उघडपणे सांगाच.

---

काठावरचा

सगळ्यांचे आभार. वाटणीची आणि प्रोफाइल खोडण्याची कृती घेतो. जिमबद्दल कुणी लिहील का? आणि एखादा जण बैठकीत कोसळला, तर गट चालवणाऱ्याने काय करावं?

---

अनवट

जिम. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ज्याचं वर्णन केलं ते आज स्नायूंबाबतची विकृत देहप्रतिमा म्हणून ओळखलं जातं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत (डीएसएम-5) ते देहप्रतिमेच्या विकाराचा उपप्रकार म्हणून आहे. अंग भरलेलं असतानाही ‘मी किडकिडीत आहे’ ही खात्री, हे त्याचं मुख्य लक्षण.

किती तास व्यायाम करतो याला महत्त्व कमी. विचारायचं ते हे: एक दिवस चुकला तर काय होतं? दुखापत असताना वजन उचलतोस का? मित्राचं लग्न, परीक्षा, जेवणाचं आमंत्रण व्यायामासाठी टाळतोस का? आरशात दिवसातून किती वेळा बघतोस, की आरसाच टाळतोस? दोन-तीन उत्तरं काळजीची आली तर समुपदेशकाकडे पाठवावं. ‘तू तर मस्त दिसतोस’ हा दिलासा इथे चालत नाही. तो तासभर टिकतो आणि मग आणखी दिलासा लागतो.

स्टेरॉइडबद्दल स्पष्ट बोला. बाहेरून टेस्टोस्टेरॉनसदृश औषध घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं: वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, आणि औषध थांबल्यावर काही आठवडे ते महिने थकवा, कामेच्छा जाणं, खोल उदासी येऊ शकते. त्या उदासीलाच घाबरून पुढचा कोर्स सुरू होतो. सोडायचं असेल तर हार्मोन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. एकच सुई दोघांनी वापरणं म्हणजे एचआयव्ही आणि हिपॅटायटिसला वाट देणं, हेही सांगून ठेवा.

कोसळण्याबद्दल. लाजेचे जुने प्रसंग गटात मोठ्याने सांगायला लावू नका. लिहायला द्या: सलग तीन दिवस, रोज 20 मिनिटं, घरी, कुणालाही न दाखवता. त्या प्रसंगाबद्दलचे विचार आणि भावना, दोन्ही. पाचँकिस आणि गोल्डफ्राइड यांच्या 2010 च्या अभ्यासात गे विद्यार्थ्यांसाठी साधारण अशीच पद्धत वापरली होती. लिहून झाल्यावर तासभर मन जड होतं, हे आधीच सांगा, नाहीतर माणूस पहिल्याच दिवशी वही मिटतो. ज्याला अलीकडेच मारहाण किंवा बळजबरी झाली आहे त्याला हा गृहपाठ देऊ नका.

बैठकीत कुणी रडू लागलं तर चर्चा थांबवा, त्याला बाहेर जायचं आहे का विचारा आणि सहसंयोजकाला सोबत पाठवा. म्हणजे संयोजक दोन हवेत, एक नाही. आत्महत्येचा विचार येतो आहे का हे थेट, त्याच शब्दांत विचारा. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, हे विचारा. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, आणि ज्या डॉक्टरकडे पाठवायचं त्याचं नाव पहिल्या बैठकीच्या आधीच कागदावर तयार असू द्या. तो डॉक्टर समलैंगिकता ‘बरी करून देतो’ म्हणणारा नाही ना, याची खात्री फोन करून आधीच करून घ्या.